तीन नंबरच्या मोटरवरचा ठिपका

मी ड्रोन उडवते असं सांगितलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग पदराकडे. लग्नात वरून फोटो काढतात तसला काहीतरी असेल, असं त्यांना वाटतं. माझा तसला नाही. माझा फवारणीचा आहे. सहा हात, प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटर आणि पातं, पोटाशी दहा लिटरची टाकी. उचलायला दोघी लागतात, आणि उडाला की शेजारच्या गोठ्यातल्या गायी दावं तोडायला बघतात. ऊस डोक्यावर गेला की पाठीवर पंप घेऊन कुणी त्यात शिरत नाही, पानं अंग कापून काढतात. तिथून माझं काम सुरू होतं. मी रिमोट गळ्यात अडकवून बांधावर उभी असते आणि तो उसावरून जात असतो.

पुणतांब्यापासून थोडं आत, गोदावरीच्या काठाला आमचं गाव आहे. ड्रोन माझ्या एकटीचा नाही, आमच्या बचत गटाचा आहे. गटात बारा बायका. योजनेत ड्रोन मिळाला तेव्हा उडवायचा परवाना काढायला शिकलेली आणि न घाबरणारी बाई हवी होती. शिकलेली मी होते. घाबरत नाही, असं मी ठोकून दिलं. खरं तर पहिल्या महिन्यात तो जमिनीवरून उठला की माझ्या पोटात गोळा यायचा. ट्रॅक्टरचं काही बिघडलं तर ट्रॅक्टर उभा राहतो. हा उभा राहत नाही, खाली येतो. खाली कुणी निंदत असतं, कुणाचं लेकरू झोळीत असतं. त्यामुळे ज्याच्या हातात याची दुरुस्ती, त्याच्यावर माझा भरवसा असल्याशिवाय मला रिमोटला हात लावता येत नाही. हे सगळं लिहायचं कारणही तोच भरवसा. तो मी मोडला.

पहिलं वर्ष कंपनीनं सांभाळलं. मग वॉरंटी संपली. सर्व्हिस सेंटर नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत. जायला-यायला पुरा दिवस, आणि ड्रोन तिथं ठेवला की पंधरा दिवस नंबर लागत नाही. फवारणीच्या दिवसांत पंधरा दिवस म्हणजे हंगाम गेला. तेव्हा माझे मालक म्हणाले की पुणतांब्यात एक मिस्त्री आहेत, त्यांना दाखव. मिस्त्री विहिरीच्या मोटरी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी गुंडाळायचे. मी मालकांवर खेकसले. उडणारी वस्तू विहिरीवाल्याकडे नेऊ? पण दुसरा इलाज नव्हता, म्हणून नेली.

मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले, बारीक, नाकावर घसरलेला चष्मा. दुकान स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका पत्र्याखाली. चपला बाहेर काढून ते आत काम करायचे, देवळात गेल्यासारखे. पहिल्या दिवशी त्यांनी ड्रोनला हातच लावला नाही. दुहेरी गोणपाटावर तो ठेवला, मला स्टुलावर बसवलं आणि ट्रेनिंगमध्ये मला जे जे सांगितलं होतं ते सगळं विचारून वहीत लिहून घेतलं. दोन तास गेले. मी वैतागले होते. शेवटी वही मिटून ते म्हणाले, "ही बी मोटरच हाय, ताई. ती पाण्यात ऱ्हाते, ही हवेत. एवढाच फरक. पन हिला चूक चालायची न्हाई."

त्यांची कामाची पद्धत मला पुढे तोंडपाठ झाली. काढलेला प्रत्येक स्क्रू बाटलीच्या झाकणात, झाकणावर नंबर. औषधाचे, चिखलाचे डाग थिनरच्या फडक्यानं पुसून सगळं अंग नव्यासारखं. बदललेला जुना भाग पिशवीत घालून बिलाबरोबर परत. बिल पावती पुस्तकावर हातानं लिहिलेलं, अक्षर शाळकरी. आणि एक गोष्ट मला सुरुवातीला हसू आणायची. जे जसं आलं तसंच ते परत करायचे. नजर लागू नये म्हणून मी ड्रोनच्या एका पायाला काळा दोरा बांधला होता. पाय उघडताना त्यांना तो कापावा लागला. ड्रोन परत घ्यायला गेले तर त्याच पायाला, त्याच जागी, नवा काळा दोरा. "तुमचा दोरा कापावा लागला," ते अपराध्यासारखे म्हणाले, "तसलाच बांधलाय. गाठ बी तशीच दिलीय."

दुरुस्ती झाली की दुकानामागच्या पडीक रानात मी ड्रोन उडवून बघायचे. मी त्यांना लांब उभं राहा म्हणायचे. ते ऐकायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून, कानामागे हात धरून, ड्रोनच्या जवळजवळ खाली उभे राहून आवाज ऐकायचे. "माझं काम हाय," म्हणायचे, "मी लांब कशाला पळू?" त्यांना असं उभं बघितलं की माझ्या पोटातला गोळा विरघळायचा. दोन हंगाम असे गेले. माझी भीती खरोखर गेली ती ट्रेनिंगनं नाही, या माणसामुळे गेली.

मग गटात कुजबुज सुरू झाली. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाला कुणा मेकॅनिकनं फसवलं होतं. जुनेच भाग पुसून नवे म्हणून लावले, अशी बातमी आमच्या अध्यक्षबाईंच्या कानावर आली. आमच्या अध्यक्षबाई जिभेनं तिखट आणि मनानं साध्या, पण पोटात काही राहत नाही. त्या मीटिंगमध्ये म्हणाल्या, "आपलं बी बिल दर टायमाला येतंय. आन् ही डोळं झाकून सही करती." एकजण हसत म्हणाली, "मिस्त्री शिंगणापूरकडचे हायेत ना? तिकडं घरांना दारं नसत्यात म्हणं. चोरी करायची गरजच काय, बिल केलं की झालं!" सगळ्या हसल्या. मग दुसरी हळूच म्हणाली, "सही करनारीला बी काय मिळत आसंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रागीट आहे, घरात सगळे सांगतात, आणि खरं आहे. पण राग कुणावर काढायचा ते मला त्या दिवशी कळलं नाही. ज्या बाईनं मला चोर म्हटलं तिच्यावर काढायचा सोडून मी मनाशी ठरवलं की आता मिस्त्रींची परीक्षा घ्यायची. ते खरे निघाले तर मीही खरी. ते खोटे निघाले तर मी आधीच पकडलं, म्हणून मी खरी. दोन्हीकडून मीच सुटत होते. मिस्त्रींचं काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

त्या सुमाराला तीन नंबरची मोटर कुरकुरत होती. उतरल्यावर हात लावला तर चटका बसायचा. दुकानात न्यायच्या आदल्या दिवशी मी भाचीच्या लग्नातली नेलपॉलिशची बाटली काढली. रंग डाळिंबी. मोटर हाताच्या टोकाला चार स्क्रूंनी बसवलेली असते. त्यातल्या एका स्क्रूच्या कडेला मी एक ठिपका दिला. अर्धा ठिपका स्क्रूवर, अर्धा बाजूच्या पत्र्यावर. स्क्रू जरासा फिरला तरी ठिपका मोडणार. स्क्रू काढल्याशिवाय मोटर निघत नाही, आणि मोटर काढल्याशिवाय उघडता येत नाही. माझ्या हुशारीवर मीच खूश झाले. वाळेपर्यंत फुंकर घालत बसले होते, ते आठवलं की आजही लाज वाटते.

चार दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला. मी गेले. ते नेहमीसारखेच बोलले, "पार उघडली. तार जळत आल्ती, सगळी काढून नवी भरली. बेअरिंग बी बदललं. आता बगा कशी गप ऱ्हाती." जुनी काळी पडलेली तार आणि गंजकं बेअरिंग पिशवीत घालून त्यांनी माझ्या हातात दिलं. मागच्या रानात उडवलं, ते खाली उभे राहिले. मोटर खरंच गप्प होती. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. कधी घरी जाते आणि ठिपका बघते, असं झालं होतं.

ठिपका जसाच्या तसा होता. अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर, कुठे चीर नाही. मी ओसरीतच खाली बसले. मला राग येण्याआधी वाईट वाटलं, एवढं मात्र माझ्या बाजूनं सांगते. मोटर उघडलीच नव्हती. वरून तेल सोडलं असेल, आणि पिशवीतली जळकी तार कुणाच्या तरी विहिरीच्या मोटरीची असेल. ते खाली उभं राहणं, तो कानामागचा हात, ते सगळं नाटक. तो दोरासुद्धा. मग राग आला, आणि तो काही लवकर गेला नाही.

मी मिस्त्रींकडे जाऊन विचारायला हवं होतं. सायकलवर अर्ध्या तासाचा रस्ता. "मिस्त्री, तुम्ही उघडली म्हणता आणि माझी खूण तर तशीच आहे, हे कसं?" एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी मीटिंगमध्ये ड्रोन मधोमध ठेवला आणि मोबाईलच्या उजेडात एकेकीला वाकून ठिपका दाखवला. बायका माझी पाठ थोपटत होत्या. जी मला चोर म्हणाली होती ती म्हणाली, "हिच्यासारखी हुशार बाई न्हाई गटात." मला ते गोड लागलं.

बिल थांबवायचं ठरलं. अध्यक्षबाई तिथूनच फोन लावायला निघाल्या. मी त्यांना म्हणाले, "ठिपक्याचं काही बोलू नका. पुढंही कुणाला पकडायला उपयोगी पडेल." त्यांनी मान डोलावली आणि मिस्त्रींना फोन लावून म्हणाल्या, "आमची खातरी पटंना. बिल सध्या ऱ्हाऊ द्या. आमी नागापूरला दाखवनार हाओत." पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "बरं म्हनाला. भांडला बी न्हाई. चोरच हाय." मला तेव्हा ते पटलं.

नागापूरला मी आणि अध्यक्षबाई टेम्पोनं गेलो. सर्व्हिस सेंटर थंडगार, काचेचं, बाहेर बसायला खुर्च्या. नुसती तपासणी होती, म्हणून नंबर लगेच लागला. आतला तंत्रज्ञ चाळिशीतला शांत माणूस होता. त्यानं आमच्यासमोरच तीन नंबरची मोटर काढली आणि उघडली. जरा वेळ बघत राहिला. मग विचारलं, "ही कुणी भरली?"

"का?" अध्यक्षबाई पुढे सरकल्या.

"हातानं भरलीय. आमच्याकडं असं कुणी करत नाही, आम्ही अख्खी मोटर बदलतो. पण भरलीय चांगली. एक एक वेढा बसवलाय. बेअरिंगही नवं आहे. कशाला उघडायला लावली तुम्ही?"

मी विचारलं, "हे स्क्रू न काढता मोटर उघडता येते का?" तो हसला आणि नाही म्हणाला. मग माझा ठिपका कसा राहिला, हे काही केल्या मला कळेना. माझाच ठिपका चुकीचा पडला असेल, नीट वाळला नसेल, काहीतरी झालं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तपासणीचं बिल छापील, स्वच्छ, खाली शिक्का. मी सही केली. येताना टेम्पोत अध्यक्षबाई राहुरीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी ते फार झालं. मग म्हणाल्या, "माजीच जीभ जळू दे."

दुसऱ्याच दिवशी बिलाचे पैसे घेऊन, ड्रोनही टेम्पोत घालून मी पुणतांब्याला गेले. वाटेत किती वाक्यं जुळवली होती! माफ करा, आमचं चुकलं. नाही, माझं चुकलं. मी खूण केली होती, मी तुम्हाला चोर ठरवलं, तुम्हाला विचारलंही नाही. दुकानाबाहेर चपला काढल्या आणि सगळी वाक्यं चपलांजवळच राहिली. मी पैसे पुढे केले आणि म्हणाले, "गटाच्या मीटिंगला जरा उशीर झाला, म्हणून राहिलं."

मिस्त्रींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "व्हतंय, ताई," ते म्हणाले. "बायकांच्या मागं काय कमी कामं असत्यात?" पैसे मोजलेही नाहीत. गल्ल्यात टाकले आणि चहा सांगितला.

चहा येईपर्यंत माझी नजर त्यांच्या टेबलावर गेली. पक्कड, टेस्टर, तारेची रिळं, आणि त्यांच्यात एक नेलपॉलिशची बाटली. डाळिंबी. त्यांच्या घरी मुलगी नाही, हे मला माहीत होतं. मला काय वाटलं ते सांगते. यांना कळलंय, आणि आता हे विषय काढणार. मी खाली मान घालून बसले.

मिस्त्रींनी बाटली उचलली, ड्रोन जवळ ओढला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "ही लई कामाची वस्तू हाय, ताई. इकडं बगा." प्रत्येक स्क्रूवर त्यांनी ब्रशानं एक बारीक रेघ ओढली. अर्धी स्क्रूवर, अर्धी पत्र्यावर. सहाही हात, सगळे स्क्रू. "थरथरून स्क्रू ढिला झाला की रेघ तुटती. सकाळी उडवायच्या आधी रेघा बगत जा. एक जरी तुटलेली दिसली तरी उडवायचा न्हाई. माजी शपथ हाय." काम करून करून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, आणि त्या बोटांत तो इवलासा ब्रश बघून मला एरवी हसू आलं असतं. त्या दिवशी आलं नाही. मनात आलं, आत्ता सांग, आत्ता. तेवढ्यात चहा आला आणि मी चहा प्यायले.

त्यांना कळलं होतं की नाही, हा प्रश्न पुढची दोन वर्षं माझ्या मानेवर बसून होता. कधी वाटायचं, कळलंय, आणि मोठ्या मनानं सोडून दिलंय. कधी वाटायचं, छे, हे सगळ्या मेकॅनिकांचं साधं तंत्र असेल, रंगाचा तेवढा योगायोग. ज्या दिवशी जे सोयीचं ते मी धरायचे. ते माझ्याशी तसूभर बदलले नाहीत. जुने भाग पिशवीत, बिल पावतीवर, काळा दोरा पायाला. रानात ड्रोनखाली उभं राहणंही तसंच. फक्त मी त्यांना लांब व्हा म्हणायचं सोडून दिलं. म्हणायला तोंड नव्हतं.

रोज सकाळी मी रेघा बघायचे. एकदा सोयाबीनच्या रानात, पाच नंबरच्या हातावर एक रेघ तुटलेली दिसली. स्क्रू हातानं फिरत होता. शेजारच्या वावरात आठ-दहा बायका खुरपत होत्या. सोबतच्या बाईला हाताशी घेऊन मी ड्रोन उचलून परत टेम्पोत ठेवला. शेतमालक ओरडत राहिला. मिस्त्रींना फोन करून सांगितलं. ते पलीकडून एवढंच म्हणाले, "बरं केलंत. लई बरं केलंत." त्यांचा आवाज भरून आला होता. की मलाच तसं ऐकू आलं, कोण जाणे.

मग ते खोकायला लागले. वार्निशचा वास, थिनरचा वास, इतकी वर्षं पत्र्याखाली. मी म्हणायचे दाखवा कुणाला तरी, ते म्हणायचे हंगाम संपू द्या. हंगाम संपेपर्यंत पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळी नाकाला नळी होती, तरी त्यांनी विचारलं, "तीन नंबर काय म्हनती?" मी म्हणाले, गप्प आहे. "ऱ्हानारच," ते म्हणाले. त्यांच्या पलंगाजवळ बसून मी मनात तयारी केली. मिस्त्री, मला तुम्हाला एक सांगायचंय. तेवढ्यात नर्स आली, भेटायची वेळ संपली म्हणाली, आणि मला सुटल्यासारखं झालं. एवढी मी भित्री. आणि मला न घाबरणारी म्हणून परवाना मिळालाय.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा ड्रोन उसावर होता, अर्धी टाकी भरलेली. फोन मालकांनी घेतला आणि मला बांधावर येऊन सांगितलं. हवेत असलेली वस्तू सोडून रडता येत नाही. मी ती सावकाश फिरवून परत आणली, जमिनीला टेकवली, पाती थांबेपर्यंत उभी राहिले. मग बांधावर बसून रडले. नुसतं दुःख असतं तर मोकळी झाले असते. माझ्या रडण्यात न सांगितलेलं होतं, म्हणून ते संपेना.

दहावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मिस्त्रींची बायको, त्यांना मी वहिनी म्हणायचे, जोत्यावर बसल्या होत्या. दुकानातलं सामान घरी आणून ठेवलं होतं, पक्कडी, रिळं, नंबर घातलेली झाकणं. त्यांनी मला पाणी दिलं, मग आत गेल्या आणि ती बाटली घेऊन आल्या. तळाला जेमतेम बोटभर रंग.

"ही तुमची," त्या म्हणाल्या.

"माझी नाही, वहिनी. मिस्त्रींची आहे."

"तुमच्यापायीच आनली हुती." त्या समोर बसल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या मोटरवर एक ठिपका हुता. त्यांनी फडक्यानं पुसलं तवा निघून गेला. मग ध्यानात आलं, की ताईंनी जुळनीची खून केली आसंल, मोटर हाय तशीच परत बसावी म्हनून. लई चुकल्यागत झालं त्यांना. म्हनले, दुसऱ्याची वस्तू, आली तशी गेली पायजे. फडक्याला रंग लागला हुता. ते फडकं घेऊन बांगड्यांची दुकानं फिरले. हितं मिळंना तर राहात्याला गेले. बाया हसत हुत्या त्यांना. तोच रंग मिळवला आन् ठिपका परत दिला. हुता तिथंच, हुता तेवढाच."

एवढी वर्षं ज्या ठिपक्याचं कोडं मला सुटलं नव्हतं, तो माझा ठिपकाच नव्हता. मी मोबाईलच्या उजेडात साऱ्या गटाला दाखवला तो मिस्त्रींच्या हातचा होता.

"मग तो ठिपका चोर पकडायला दिला हुता, हे तुमच्या अध्यक्षबाईंनी बाजारात सांगितलं कुनाला तरी," वहिनी पुढे म्हणाल्या, "ते फिरत फिरत त्यांच्या कानावर आलं. दोन दिस धड जेवले न्हाईत. मी म्हनले, जा आन् तोंडावर सांगा त्या बाईला. तर म्हनले, नगं. पैसं दिलं त्यांनी, परत आल्या, त्यात सगळं आलं. ताईंना हे कळलं तर झोप लागायची न्हाई त्यांना. तू बी सांगू नगंस कदी."

मग मी विचारलं, "तरी तुम्ही सांगितलंत."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "त्यांना राग येत नव्हता. मला येतो."

मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि मला जवळही घेतलं नाही. बाटली माझ्या हातात दिली आणि आत गेल्या.

आता दुरुस्तीला ड्रोन नागापूरलाच जातो. पंधरा दिवस लागतात, लागू देत. मागच्या महिन्यात तो परत आला तेव्हा सगळं काम नीट झालेलं होतं, बिल छापील होतं, खाली शिक्का होता. पायाला काळा दोरा नव्हता आणि एकाही स्क्रूवर रेघ नव्हती. पुसताना निघाली असणार. त्यांना मी दोष देत नाही, ते त्यांचं काम नाही. मी बिलावर सही केली.

घरी आल्यावर ओसरीत बसून दोरा बांधला. मग ती बाटली काढली. रंग आटला होता, थिनरचे दोन थेंब टाकून हलवला आणि सगळ्या स्क्रूंवर रेघा ओढल्या. माझ्या रेघा त्यांच्याइतक्या सरळ येत नाहीत. शेवटी तीन नंबरच्या मोटरवर त्या एका स्क्रूच्या कडेला ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर, होता तिथंच आणि होता तेवढाच. तो वाळेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.